विजेटचे आयडी सांभाळायचे कसे: वजनकाट्याच्या प्रोग्रॅमवरून पायरी-पायरीने

केळीच्या खरेदीचा प्रोग्रॅम असो की जिनिंगच्या वजनकाट्याचा, सुरुवातीला विजेटच्या, म्हणजे खिडकीतल्या बटण-रकान्यांच्या, आयडीकडे कुणी लक्ष देत नाही. चार बटणं, सहा रकाने. बटणाला 101, रकान्याला 102 असे नंबर टाकले की काम भागतं. हंगाम पुढे सरकतो, मालक आणखी एक खिडकी मागतो, पहिल्या खिडकीचं कोडिंग उचलून तिथे चिकटवलं जातं आणि 101 आता दोन ठिकाणी बसतो. मग काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना ‘पावती छापा’ दाबलं की भलतीच पावती बाहेर येते. प्रोग्रॅम बंद पडत नाही, चूक दाखवणारा संदेशही येत नाही. म्हणून असली चूक शोधण्यात दिवस जातात.

माझं म्हणणं असं: नंबर टूलकिटला (खिडक्या-बटणं बनवून देणाऱ्या लायब्ररीला) ठरवू द्या, नाव आपण द्या, आणि यादीतली ओळ तिच्या स्वतःच्या नोंदीवरून ओळखा. बाकीचा सगळा लेख या तीन गोष्टी प्रत्यक्षात कशा करायच्या याबद्दल आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारपेठांसाठी दोघा-तिघांत मिळून सॉफ्टवेअर बनवणारे आणि कॉलेजात प्रोजेक्ट करणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मुख्य उदाहरणं डब्ल्यूएक्सपायथनमधली, म्हणजे पायथनसाठीच्या डब्ल्यूएक्स टूलकिटमधली, घेतो, कारण तिथे आयडी झाकलेला नसतो. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती रोमन अक्षरांतच ठेवा. त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

पायरी 1: लेबल, नाव, आयडी आणि ऑब्जेक्ट वेगळे ओळखा

एका बटणाला चार बाजूंनी हात घालता येतो. लेबल म्हणजे माणसाला दिसणारे शब्द. नाव म्हणजे आपण विजेटला दिलेली स्ट्रिंग. आयडी म्हणजे पूर्णांक, ज्यावरून टूलकिट इव्हेंट (बटण दाबणं, कळ दाबणं अशी घटना) कुणाचा ते ठरवतं. आणि ऑब्जेक्ट म्हणजे कोडमधलं चल, उदाहरणार्थ ‘सेल्फ.छापा_बटण’.

या चारांत सर्वांत कमी भरवशाचं लेबल. सावद्याचा व्यापारी ‘वजावट’ नको, ‘कटती’ लिहा म्हणतो. दुसऱ्याला भावाच्या रकान्यात नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (पिलांपासून घेतलेली केळी) वेगवेगळे हवे असतात. धुळ्याच्या अडत्याने उद्या सगळी लेबलं अहिराणीत मागितली, तरी कोडची एकही ओळ हलता कामा नये. तालुक्यांच्या यादीतही हेच लागू होतं: एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. ज्याने निवडलेल्या तालुक्याचं लेबल डेटाबेसमध्ये साठवलं त्याच्याकडे एकाच तालुक्याच्या नोंदी दोन नावांखाली विखुरतात. ज्याने स्वतंत्र कोड साठवला त्याला फक्त यादीतला शब्द बदलावा लागतो. कोडमध्ये कुठेही ‘लेबल अमुक असेल तर’ अशी अट दिसली की ती आधी काढा.

नंबरचं मूळ कुठे आहे तेही समजून घ्या. विंडोजमध्ये बटण हीसुद्धा एक खिडकीच. क्रिएटविंडो हे फंक्शन बोलावताना एरवी जिथे मेनूचा हँडल द्यायचा, त्याच जागी चाइल्ड खिडकीचा आयडी द्यावा लागतो. बटण दाबलं की पालक खिडकीला डब्ल्यूएम_कमांड हा संदेश जातो आणि त्याच्या डब्ल्यूपॅरॅमच्या खालच्या 16 बिटांत हा आयडी असतो. म्हणजे 65,535 पलीकडची मजल नाहीच. शिवाय 1 म्हणजे ओके, 2 म्हणजे कॅन्सल, 6 म्हणजे येस, 7 म्हणजे नो, असे 1 ते 7 नंबर आधीच वाटून झालेले आहेत. पहिल्या बटणाला 1, दुसऱ्याला 2 देणारा माणूस नकळत ओके आणि कॅन्सल बनवत असतो.

पायरी 2: गरज नसेल तिथे आयडी देऊच नका

डब्ल्यूएक्समध्ये आयडीच्या जागी ‘आयडी_एनी’ द्यायचं. त्याची किंमत -1. अर्थ असा की नंबर तूच ठरव. टूलकिट मग स्वतःच्या राखीव पट्ट्यातला एक ऋण नंबर देतं. आपण हाताने लिहिलेले नंबर धन असतात, त्यामुळे टक्कर होत नाही. साध्या फॉर्ममधल्या जवळपास सगळ्या विजेटना एवढं पुरतं.

आता हँडलर, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन, जोडण्याकडे या. दोन पद्धती दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या आहेत. ‘बटण.बाइंड(इव्हीटी_बटन, हँडलर)’ लिहिलं तर हँडलर थेट त्या बटणावर बसतो. ‘सेल्फ.बाइंड(इव्हीटी_बटन, हँडलर, बटण)’ लिहिलं तर हँडलर फ्रेमवर बसतो, आणि डब्ल्यूएक्सपायथन दिलेल्या बटणाचा फक्त आयडी काढून घेतं. ऑब्जेक्ट दिला म्हणून ऑब्जेक्टच ओळखला जाईल असं वाटतं, पण जुळवाजुळव होते ती नंबरवर. त्याच फ्रेममध्ये तोच नंबर असलेलं दुसरं बटण कुठल्याही पॅनेलमध्ये असेल तर त्याचा इव्हेंटही वर चढत येऊन याच हँडलरमध्ये शिरतो, कारण कमांड इव्हेंट चाइल्डकडून पालकाकडे जातात. वर सांगितलेला भलत्या पावतीचा घोळ असाच होतो. एका बटणाचं एकच काम असेल तर पहिली पद्धत वापरा. नंबर पाहण्याची वेळच येत नाही.

पायरी 3: ओळखीच्या कामाला ठरलेला आयडी

ओके, कॅन्सल, सेव्ह, ओपन, एक्झिट, अबाउट या कामांसाठी डब्ल्यूएक्सकडे तयार आयडी आहेत. ते 4999 ते 5999 या पट्ट्यात बसतात. ओके 5100, कॅन्सल 5101. डायलॉग उघडून उत्तराची वाट पाहणाऱ्या शोमोडलने 5100 परत दिला तर दचकू नका, तो ओके आहे. पण तुलना करताना आकडा लिहू नका, ‘आयडी_ओके’ लिहा.

हे तयार आयडी वापरल्यावर बरंच काम फुकट होतं. डायलॉगमध्ये ‘आयडी_ओके’ असलेलं बटण दाबलं की रकाने तपासले जातात, माहिती घेतली जाते आणि डायलॉग बंद होतो. इस्केप दाबलं की ‘आयडी_कॅन्सल’चं बटण शोधून दाबलं जातं. बटणं स्टडडायलॉगबटनसायझरमध्ये ठेवली तर ती कुठल्या क्रमाने मांडायची हेही आयडी पाहून त्या त्या सिस्टीमच्या रिवाजाप्रमाणे ठरतं. मॅकवर ‘आयडी_एक्झिट’, ‘आयडी_अबाउट’, ‘आयडी_प्रेफरन्सेस’ हे मेनू आपोआप अ‍ॅप्लिकेशनच्या मेनूत जातात. लेबल रिकामं ठेवलं तर टूलकिट स्वतःचं लेबल लावतं. ‘जतन करा’ हवं असेल तर आयडी तोच ठेवून लेबल आपलं द्या.

पायरी 4: एकच काम, तीन दारं

आयडी मुद्दाम एकसारखा ठेवायची जागा म्हणजे मेनू, टूलबार आणि शॉर्टकट. ‘पावती छापा’ मेनूत आहे, टूलबारवर छपाईचं चित्र आहे, आणि काट्यावरच्या मुलाला माउस सोडावा लागू नये म्हणून एफ9 आहे. तिघांना एकच आयडी द्या आणि हँडलर एकदाच जोडा. डब्ल्यूएक्समध्ये मेनू आणि टूलबारचा इव्हेंट एकाच जातीचा असतो आणि शॉर्टकटच्या तक्त्यातही कळीसमोर आयडीच लिहायचा असतो, त्यामुळे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. रिकाम्या गाडीचं वजन झालेलं नसेल तोवर छपाई बंद ठेवायची असेल, तर त्याच आयडीवर इव्हीटी_अपडेट_यूआय जोडून मेनू आणि टूलबार दोन्ही एका ओळीत बंद करता येतात. हँडलरमध्येही वजनाची तपासणी ठेवा. छपाईसारख्या कामात स्क्रीनवरच्या राखाडी बटणावर भिस्त ठेवू नये.

हा आयडी आणायचा ‘न्यूआयडीरेफ’ने. जुनं ‘न्यूआयडी’ वापरू नका. त्याने दिलेला नंबर आपण हाताने लिहिलेल्या नंबरशी भिडू शकतो, म्हणूनच ते मोडीत काढलं आहे. ‘न्यूआयडीरेफ’ नुसता आकडा देत नाही, तो आकडा धरून ठेवणारा ऑब्जेक्ट देतो. तो ऑब्जेक्ट कुणीच धरला नाही की नंबर सुटतो आणि दुसऱ्याला मिळू शकतो. फंक्शनमध्ये तयार करून, त्याचा पूर्णांक काढून, मूळ ऑब्जेक्ट सोडून दिला तर ही वेळ येते. म्हणून असे सगळे आयडी एका वेगळ्या फाइलमध्ये मॉड्यूलच्या पातळीवर ठेवा. आमच्या पद्धतीच्या प्रोग्रॅमला चार-पाच ओळी पुरतात:

आयडी_पावती_छापा = डब्ल्यूएक्स.न्यूआयडीरेफ()
आयडी_भरलेलं_वजन_घ्या = डब्ल्यूएक्स.न्यूआयडीरेफ()
आयडी_रिकामं_वजन_घ्या = डब्ल्यूएक्स.न्यूआयडीरेफ()
आयडी_काटा_टायमर = डब्ल्यूएक्स.न्यूआयडीरेफ()

शेवटचा टायमर विसरू नका. काट्याचं इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वाचायला एक टायमर आणि घड्याळ दाखवायला दुसरा, दोन्हींचा मालक एकच फ्रेम. आयडी न पाहता फ्रेमवर इव्हीटी_टायमर जोडला तर दोन्ही टायमर एकाच हँडलरमध्ये येतात आणि वजन वाचण्याचा वेग कारण नसताना बदललेला दिसतो.

नाव देताना क्रियापद असू द्या: छापा, घ्या, रद्द करा. ‘आयडी_बटण3’ या नावातून काहीच कळत नाही. कुठला आयडी कुठल्या कामाचा हे फाइल वाचूनच समजलं पाहिजे. वेगळी वही ठेवायची गरज पडता कामा नये.

पायरी 5: ओळींच्या यादीत बटणं असतील तर

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे थांबून वाचा.

दिवसभराच्या पावत्यांची यादी आहे आणि प्रत्येक ओळीशेजारी ‘हटवा’चं बटण आहे. सुचणारा पहिला उपाय: आयडी म्हणजे 1000 अधिक पावती क्रमांक. हँडलरमध्ये 1000 वजा केले की पावती मिळाली. सुरुवातीचे काही महिने हे छान चालतं. मग 3999 वी पावती फाटते आणि आयडी 4999 होतो, म्हणजे आपण राखीव पट्ट्यात शिरलो. 4101 या पावतीचा आयडी येतो 5101, आणि तो कॅन्सलचा आहे. ही यादी डायलॉगमध्ये असेल आणि कुणी बाहेर पडायला इस्केप दाबलं, तर डायलॉग 5101 आयडीचं बटण शोधतो. ओळीतलं बटण आधी तयार झालेलं असल्याने तेच आधी सापडू शकतं. माणसाने रद्द केलं, प्रोग्रॅमने पावती हटवली. शेतकऱ्याच्या मालाची नोंद अशी गायब होणं आपल्याकडून होता कामा नये.

दुसरा उपाय ओळीच्या नंबरचा: तिसऱ्या ओळीला 3. दुसरी ओळ हटवली की तिसरी दुसरी होते, आयडी मात्र जुनाच राहतो. पुढचं ‘हटवा’ शेजारच्या शेतकऱ्याची पावती उडवतं.

बरोबर रीत अशी: विजेटला ‘आयडी_एनी’ द्या आणि पावती क्रमांक हँडलरसोबत पाठवा. पायथनमध्ये लूपच्या आत लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लिहिताना एक खाच आहे. लॅम्डा चलाची किंमत बटण दाबताना पाहतो, तयार होताना नाही. त्यामुळे लूप संपल्यावर सगळी बटणं शेवटच्या पावतीकडे बोट दाखवतात. फंक्टूल्समधलं पार्शल वापरा: ‘बटण.बाइंड(इव्हीटी_बटन, पार्शल(सेल्फ.हटवा, पावती_क्र))’. पार्शल किंमत तिथल्या तिथे बांधून ठेवतो. हँडलरला आधी पावती_क्र आणि मग इव्हेंट मिळतो. फंक्शनमध्ये क्रम तसाच ठेवा.

ओळी शंभराच्या पुढे जात असतील तर प्रत्येक ओळीत बटणच ठेवू नका. यादीचं तयार कंट्रोल घ्या, ओळ निवडू द्या, खाली एकच ‘हटवा’ ठेवा, आणि निवडलेल्या ओळीसोबत साठवलेला पावती क्रमांक वाचा. काट्यावरचे कॉम्प्युटर बहुधा जुने असतात, त्यांच्यावरचा भारही कमी होतो.

पायरी 6: नाव कधी लागतं, आणि ते रोमन का

‘आयडी_एनी’ने मिळालेला नंबर पुढच्या वेळी प्रोग्रॅम सुरू केल्यावर तोच राहील याची हमी नाही. म्हणून तो फाइलमध्ये साठवायचा नाही आणि चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही. खिडकीचा आकार, स्तंभांची रुंदी लक्षात ठेवायची असेल, किंवा बाहेरून विजेट शोधायचं असेल, तर ‘नेम’ द्या: ‘पावती_यादी’, ‘भरलेलं_वजन’. एका खिडकीत एक नाव एकदाच.

पायथन 3 मध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात, आणि मराठीत विचार करणाऱ्याला तो मोह होणं साहजिक आहे. पण ‘शेतकऱ्याचं’ हा शब्द घ्या. यातलं ऱ्य काही कीबोर्ड युनिकोडमधल्या ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहितात, ज्याचा क्रमांक 0931. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा अदृश्य जोडवर्ण अशा रीतीने लिहितात. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे दिसतात. अदृश्य वर्ण असलेलं चलाचं नाव पायथन नाकारतो, ते एक वेळ बरं. पण ‘नेम’च्या स्ट्रिंगमध्ये तो बिनबोभाट राहतो आणि शोधताना विजेट सापडत नाही, कारण दोन स्ट्रिंग समान नाहीत. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी हा जोडवर्ण जात नाही. तुमच्या आणि जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड वेगळे असले की हे घडणारच. म्हणून लेबल खुशाल शुद्ध मराठीत, आणि नाव-आयडी रोमन लहान अक्षरांत.

पायरी 7: सुरू होतानाच तपासणी

दहा-बारा ओळींचं एक फंक्शन लिहा. खिडकी घ्या, गेटचिल्ड्रनने तिची सगळी चाइल्ड विजेट आतपर्यंत फिरा, प्रत्येकाचा गेटआयडी आणि गेटनेम गोळा करा. धन आयडी दोनदा आला, किंवा आपण दिलेलं नाव दोनदा आलं, तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा. नाव न दिलेल्या विजेटला टूलकिट ‘बटन’, ‘पॅनेल’ अशी ठरीव नावं देतं, ती वगळा. फिरताना चाइल्ड स्वतःच वरच्या पातळीची खिडकी असेल तर तिच्या आत जाऊ नका. दोन वेगळ्या डायलॉगमध्ये ‘आयडी_ओके’ असणं बरोबरच आहे. आयडी एका फ्रेमच्या किंवा डायलॉगच्या आत एकमेव असला की पुरे. ही तपासणी आपल्या मशीनवर चालू ठेवा, गिऱ्हाइकाकडे बंद.

दुसरं टूलकिट वापरत असाल तर

टीकेइंटरमध्ये नंबर नाहीत, फाइलच्या पत्त्यासारखं बिंदूंनी जोडलेलं नाव असतं. नाव मोठ्या रोमन अक्षराने सुरू करायचं नाही आणि त्यात बिंदू घालायचा नाही. एकाच पालकाखाली तेच नाव दुसऱ्यांदा दिलं तर चूक दाखवली जात नाही. पहिलं विजेट नष्ट होतं आणि नवं त्याची जागा घेतं. रकाना अचानक गायब झाला तर आधी नावं पाहा.

क्यूटीमध्ये ऑब्जेक्टनेम असतं आणि ते एकमेव असण्याची सक्ती नाही, म्हणजे जबाबदारी आपली. डिझायनरमध्ये नाव बदललं की ‘ऑन_नाव_क्लिक्ड’ धर्तीचे आपोआप जोडले जाणारे स्लॉट तुटतात आणि सूचना फक्त कन्सोलवर येते. टूलबार आणि डॉक यांची मांडणी जतन करायची तर त्यांना वेगवेगळं ऑब्जेक्टनेम लागतंच. क्यूबटनग्रुपमध्ये आयडी दिला नाही तर तो -2 पासून खाली मोजतो. -1 चा अर्थ तिथे काहीच निवडलेलं नाही.

डिअर इमगुईमध्ये लेबल हाच आयडी, त्यामुळे पहिल्या पायरीतला नियम तिथे मोडलेलाच असतो. लूपमध्ये दहा वेळा ‘हटवा’ लिहिलं की दहाही बटणं एकच समजली जातात. प्रत्येक ओळीभोवती पुशआयडी आणि पॉपआयडी ठेवा आणि पुशआयडीला पावती क्रमांक द्या. लेबलात बदलता आकडा असेल, जसं ‘एकूण 42 क्विंटल’, तर लेबलाच्या मागे तीन हॅश चिन्हं देऊन पक्कं नाव लिहा, म्हणजे आयडी फक्त त्या भागावरून बनतो. दोन हॅश दिले तर मागचा मजकूर दिसत नाही, पण आयडीत सगळंच धरलं जातं.

अँड्रॉइडवर काट्याच्या कामात एक नेमका त्रास दिसतो. भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांसाठी एकच लेआउट दोनदा इन्क्लूड केला जातो. मोबाइल आडवा केला की दोन्ही रकान्यांत एकच वजन दिसतं आणि निव्वळ वजन शून्य येतं. कारण स्क्रीन नव्याने तयार करण्याआधी अँड्रॉइड प्रत्येक व्ह्यूची (स्क्रीनवरच्या घटकाची) अवस्था आयडीखाली साठवतं. आयडी एकच असल्याने दुसऱ्याने पहिल्याला पुसलं. इन्क्लूडला वेगळा आयडी दिला तरी तो लेआउटच्या मूळ व्ह्यूला लागतो, आतला रकाना तसाच राहतो. आतल्या रकान्याचं आपोआप साठवणं सेव्हएनेबल्डने बंद करा आणि दोन्ही वजनं व्ह्यूमॉडेलमधून सेव्ह्डस्टेटहँडलने सांभाळा, किंवा दोन रकाने दोन वेगळ्या आयडींनी सरळ लिहा. रकाने दोनच असतील तर मी दुसरं करीन.

जुना प्रोग्रॅम दुरुस्त करताना

सगळे नंबर एकदम बदलू नका. आधी सातव्या पायरीची तपासणी घाला आणि दुहेरी आयडींची यादी काढा. मग एकेक खिडकी घ्या: एकच काम असलेल्या बटणांचे नंबर काढून हँडलर थेट बटणावर जोडा, मेनू-टूलबार-शॉर्टकटचे आयडी वेगळ्या फाइलमध्ये न्या, याद्या शेवटी. प्रत्येक खिडकीनंतर त्यातलं प्रत्येक बटण आणि शॉर्टकट हाताने दाबून पाहा, इस्केप आणि एंटरसकट. सेटिंगच्या फाइलमध्ये जुने नंबर साठवले असतील तर नंबरावरून नावाकडे नेणारा छोटा तक्ता एका आवृत्तीपुरता ठेवा. जिनिंगच्या गिऱ्हाइकाकडे हे काम कापसाची आवक चालू असताना काढू नका. मे महिन्यात, काटा थंड असताना बसवा आणि जुनी आवृत्ती त्याच मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.